स्वातंत्र्यलढ्यानंतर स्त्रियांचं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुक्तिलढ्यांचा इतिहास शिकवताना तारखा, करार आणि नेते यांच्याबद्दल फारसं कुणी काही विचारत नाही. प्रश्न येतात ते बायकांबद्दल, आणि तेही बहुतेकदा वर्ग संपल्यावर, पायात चपला सरकवता सरकवता. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

लढ्यात एवढ्या बायका होत्या म्हणतात, मग त्या दिसत का नाहीत?

१९१६ सालचा डब्लिनमधला एक फोटो आहे. ब्रिटिश सत्तेविरुद्धचा आयर्लंडमधला ईस्टरचा उठाव मोडला आहे आणि त्याचे नेते पॅट्रिक पिअर्स ब्रिटिश जनरलसमोर शरणागती पत्करत उभे आहेत. पिअर्स यांच्या पलीकडे आणखी कुणीतरी आहे. चेहरा दिसत नाही, पण नीट निरखलं तर पिअर्स यांच्या पायांमागे जास्तीचे दोन बूट दिसतात. त्या एलिझाबेथ ओ'फॅरेल, पेशाने नर्स. गोळीबार चाललेल्या रस्त्यावरून पांढरं निशाण हातात धरून शरणागतीचा निरोप त्याच घेऊन गेल्या होत्या. हा फोटो पुढे छापला गेला तेव्हा काही प्रतींमधून ते बूटही पुसले गेले.

आता त्याच देशाची पुढची वाटचाल बघा. १९१६च्या जाहीरनाम्याची हाक आयरिश पुरुष आणि आयरिश स्त्रिया अशी दोघांनाही होती आणि त्यात समान हक्कांचं वचन होतं. काउंटेस मार्किव्हिच १९१९ साली क्रांतिकारी सरकारात कामगारमंत्री झाल्या. त्यानंतर आयर्लंडच्या मंत्रिमंडळात दुसरी स्त्री बसायला १९७९ साल उजाडलं. मधल्या ६० वर्षांत काय झालं? १९२७च्या कायद्याने स्त्रियांना ज्युरीच्या यादीतून वगळलं. जिला यायचं असेल तिने स्वतःहून अर्ज करायचा. १९३७च्या राज्यघटनेत घरातलं जीवन हा स्त्रीने राष्ट्राला दिलेला आधार आहे अशा आशयाचं कलम आलं. सरकारी नोकरीत असलेल्या स्त्रीचं लग्न झालं की नोकरी जायची, तो नियम १९७३ साली उठला. घटनेतलं ते घराचं कलम बदलण्यासाठी ८ मार्च २०२४ रोजी सार्वमत झालं. पर्यायी मजकुरावरही बरीच टीका होती. बदल नाकारला गेला आणि कलम आजही जागेवर आहे.

दुसरं कारण नोंदींचं. अल्जीरियाच्या फ्रेंचांविरुद्धच्या १९५४ ते १९६२च्या युद्धानंतर ज्या स्त्रियांची लढवय्या म्हणून सरकारदफ्तरी नोंद झाली त्या सुमारे ११,०००. एकूण नोंदींत त्यांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास. पण ज्या घरात माणसं लपली, ज्या चुलीवर त्यांचा स्वयंपाक झाला, ज्या टोपलीतून निरोप गेले, ते सगळं 'लढणं' म्हणून लिहून घ्यायची पद्धतच नव्हती. लढ्याची व्याख्या बंदुकीवरून आणि हुद्द्यावरून केली की मोजणीच्या आधीच निम्मी माणसं गळतात.

'आधी स्वातंत्र्य, मग समता' हा क्रम चुकीचा होता का?

आपल्याला हा युक्तिवाद परका नाही. 'आधी लगीन कोंढाण्याचं' आपल्या रक्तातच आहे. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा टिळक आणि आगरकरांचा वाद महाराष्ट्राने जवळून पाहिला. १८९५ साली पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा सामाजिक परिषद त्याच मंडपात भरू द्यायला केवढा विरोध झाला होता!

माझं मत असं: क्रम लावणारे सगळे लबाड नव्हते. परकी सत्ता स्त्रियांनाही चिरडतच होती. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांच्या वावरावर बंधन घालणारा पासचा, म्हणजे परवान्याचा, कायदा स्त्रियांवर लादला जाऊ लागला, तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २०,००० स्त्रिया प्रिटोरियातल्या युनियन बिल्डिंग्ज या सरकारी मुख्यालयावर गेल्या. लिलियन एनगॉयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स पुढे होत्या. सह्यांचे गठ्ठे पंतप्रधानांच्या कचेरीत ठेवले आणि मग त्या सगळ्या जणी अर्धा तास मुकाट उभ्या राहिल्या. पाठीवर बांधलेली मुलं घेऊन. त्यांच्यासाठी वंशभेदाविरुद्धची लढाई आणि बाई म्हणून असलेली लढाई वेगळी नव्हतीच. पासमुळे नवरा एका शहरात आणि बायको दुसरीकडे, हा संसाराचाच प्रश्न होता.

खोट आहे ती 'मग' या शब्दात. त्याला तारीख नसते. स्वातंत्र्य मिळालं की 'आधी देश सावरू दे', ते झालं की 'आधी एकजूट राहू दे', असं ते पुढे पुढे जातं. दक्षिण आफ्रिकेत वंशभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षाने २ मे १९९० रोजी स्त्रीमुक्तीबद्दल एक निवेदन काढलं. स्त्रियांची मुक्ती ही राष्ट्रमुक्तीच्या किंवा समाजवादाच्या पाठोपाठ आपोआप येत नाही, तिच्यासाठी वेगळं काम करावं लागतं, हे त्यात साफ म्हटलं होतं. शेजारच्या देशांत काय झालं हे पक्षातल्या स्त्रियांनी देशाबाहेर वनवासात राहून पाहिलं होतं, हे विसरू नका.

आणि लढा चालू असतानाच समता आणता येत नाही हेही खरं नाही. गिनी-बिसाऊमध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लढणाऱ्या अमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने मुक्त केलेल्या भागात पाच जणांच्या गावसमित्या नेमल्या. त्यात किमान दोन स्त्रिया हव्यात असा नियम होता, आणि तो युद्ध चालू असताना पाळला जात होता.

बायका बंदूक घेऊन लढल्या, त्याने समाजाची नजर बदलली असेल ना?

थोडी, आणि थोड्याच दिवसांपुरती. एरिट्रियाकडे बघा. १९९१ साली देश इथिओपियाच्या ताब्यातून मुक्त झाला तेव्हा मुक्तिसेनेत जवळपास ३० टक्के स्त्रिया होत्या. डोंगरात त्या खंदकात लढल्या, गाड्या दुरुस्त केल्या, जखमींवर उपचार केले. भाकऱ्या भाजणं आणि कपडे धुणं पाळीपाळीने, पुरुषांसह. लग्नं जात-धर्म-टोळी न बघता आपापल्या पसंतीने झाली.

मग त्या शहरात परतल्या. आखूड केस, अंगात पँट, आवाजात जरब. डोंगरात हेच गुण होते, सासरी ते दोष झाले. लेकाला 'नीट' बायको हवी म्हणून घरच्यांनी धोशा लावला आणि पुष्कळ लढवय्या स्त्रियांच्या वाट्याला घटस्फोट आला. पंधरा वर्षं एका खंदकात काढलेल्या नवऱ्यालाही घरच्या उंबऱ्यावर आपली बाजू धरवली नाही, हे वाचताना अजूनही जीव तुटतो. १९९४च्या जमिनीच्या कायद्याने तिथल्या स्त्रियांना जमिनीवर समान हक्क दिला, ही मोठी गोष्ट. पण १९९७ साली मंजूर झालेली राज्यघटना कधी अमलातच आली नाही. त्यामुळे हक्क मागायला जायचं कुठे, हा प्रश्न तिथे स्त्री-पुरुष दोघांचाही आहे.

हक्क नेमके कुठे निसटतात?

माझ्या सगळ्या वाचनाचं सार या उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर.

मतदानाचा हक्क सहसा मिळतो. शाळा उघडतात, नोकऱ्याही काही प्रमाणात मिळतात. निसटतात ते लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा, वारसा आणि जमीन या पाच ठिकाणी. म्हणजे कौटुंबिक कायद्यात.

असं का होतं? परकी सत्ता रस्ता, न्यायालय, खजिना सगळं ताब्यात घेते. 'आपलं' म्हणून उरतं ते घर. मग संस्कृती जपायची जागा म्हणजे घर आणि जपणारी म्हणजे बाई, असं समीकरण तयार होतं. सत्ताधारीही त्याला खतपाणी घालतात. मे १९५८ मध्ये अल्जीअर्समध्ये फ्रेंचांनी स्त्रियांचे बुरखे जाहीर सभेत उतरवण्याचे सोहळे केले. तुमच्या बायकांना आम्ही मुक्त करतोय, हा त्यामागचा संदेश. परिणाम असा झाला की बाईच्या अंगावरचं कापड हा राष्ट्राच्या इज्जतीचा विषय बनला. त्यानंतर 'मला घटस्फोटाचा हक्क हवा' म्हणणारी अल्जीरियन बाई फ्रेंचांची भाषा बोलते, असं म्हणायला विरोधक मोकळे.

याच शहरात मुक्तिलढ्यातल्या जमिला बुहिरेदला १९५७ साली फाशीची शिक्षा सुनावली गेली होती; ती जगभरच्या दबावामुळे टळली. याच शहराच्या 'कसबा' या जुन्या वस्तीत तिच्यासारखीच लढणारी हसीबा बेन बुअली वयाच्या विशीच्या आत मारली गेली. स्वातंत्र्यानंतर २२ वर्षांनी, जून १९८४ मध्ये, कौटुंबिक कायदा आला. त्याच्यानुसार सज्ञान स्त्रीलाही लग्नासाठी पालक पुरुष लागणार, बायकोने नवऱ्याचं ऐकायचं, पुरुषाला एकाहून अधिक लग्नं करता येणार आणि तलाकही देता येणार. त्याआधी १९८१च्या सुमारास असाच मसुदा आला तेव्हा लढ्यातल्या जुन्या स्त्रिया तरुण मुलींबरोबर रस्त्यावर उतरल्या होत्या आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला होता. ज्यांनी तुरुंग पाहिला होता त्यांना आपल्याच सरकारच्या दारात फलक धरून उभं राहावं लागलं. २००५ साली दुरुस्ती झाली: लग्नाचं वय दोघांनाही १९, नवऱ्याची आज्ञा पाळण्याचं कलम गेलं, आईकडून मुलाला नागरिकत्व मिळू लागलं. पालकाची अट सैल झाली, पण गेली नाही.

झिंबाब्वेचं उदाहरण अधिक टोचणारं आहे, कारण सुरुवात चांगली होती. १९८० साली स्वातंत्र्य, १९८२ साली सज्ञानतेचा कायदा. त्याआधी काळी स्त्री कायद्याने जन्मभर अज्ञानच असायची. पण घटनेतच पारंपरिक कायद्याला समतेच्या तत्त्वातून सूट दिलेली होती. १९९९च्या मगाया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच सुटीवर बोट ठेवलं आणि थोरली मुलगी असूनही वडिलांची मालमत्ता धाकट्या सावत्र भावाला दिली. ही पळवाट बंद व्हायला २०१३ची नवी राज्यघटना यावी लागली.

भारतात तर सगळं पहिल्याच दिवशी मिळालं ना?

मत मिळालं, आणि त्याचं मोल कमी लेखू नये. स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय निवडणुकीत स्त्रियांना मत मिळालं १९७१ साली. आपल्याकडे संविधान सभेत १५ स्त्रिया होत्या आणि प्रौढ मताधिकार एका फटक्यात आला.

कौटुंबिक कायद्यात मात्र आपणही तिथेच अडखळलो. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडलं, त्यामागे हे मोठं कारण होतं. पुढे १९५५-५६ मध्ये त्याचे तुकडे करून चार कायदे झाले. लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध वाटा मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ उजाडलं. कायदा होऊनही 'हक्कसोड' पत्रावर सही करणाऱ्या लेकी आजही घरोघरी आहेत. माहेर तुटू नये म्हणून.

१९७४ साली स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल आला आणि अनेकांना धक्का बसला. लोकसंख्येतलं स्त्रियांचं प्रमाण घसरत होतं, कामातला वाटाही आटत होता. स्वातंत्र्यानंतर आपसूक सुधारणा होत राहील हा समज तिथे तुटला. त्याच दशकात गडचिरोली भागातल्या मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. आजच्या स्त्री-चळवळीचा बराचसा चेहरा त्या पत्रानंतर घडला आहे.

पक्षाची महिला आघाडी असताना वेगळी संघटना कशाला?

कारण आघाडीला पक्षाच्या वेळापत्रकावर चालावं लागतं. लढ्यातून आलेल्या पक्षांनी स्त्रियांच्या संघटना काढल्या, त्यांनी साक्षरतेचं, आरोग्याचं खरोखर मोठं काम केलं. मोझांबिकमधली संघटना १९७३ची, एरिट्रियातली १९७९ची, व्हिएतनाममधली तर १९३०ची. व्हिएतनामच्या न्गुयेन थी बिन्ह यांनी व्हिएतनाम युद्धाबाबतच्या १९७३च्या पॅरिस शांतता करारावर सही केली. सही करणाऱ्यांत त्या एकट्याच स्त्री होत्या. पण पक्ष चुकतो तेव्हा त्याच्याविरुद्ध बोलणार कोण? ऑक्टोबर १९८३ मध्ये झिंबाब्वेत शहरं 'साफ' करण्याच्या नावाखाली रस्त्यावर एकट्या दिसणाऱ्या शेकडो स्त्रियांना वेश्या ठरवून पकडलं गेलं. त्यात कामावरून घरी निघालेल्या होत्या, शिक्षिका होत्या. तेव्हा ज्या उभ्या राहिल्या त्यांनी नवी, स्वतंत्र विमेन्स ॲक्शन ग्रुप काढली.

मग कुठे काही जमलं का?

दक्षिण आफ्रिकेत, आणि तेही अपघाताने नाही. १९९१ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या कार्यकारिणीत ३० टक्के स्त्रिया हव्यात हा तिथल्या स्त्रियांचा ठराव त्यांच्याच पक्षात पडला. त्या खचल्या नाहीत. १९९२ साली त्याच पक्षाच्या फ्रेने जिनवाला यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या पक्षांच्या, वंशांच्या, धर्मांच्या स्त्रियांची राष्ट्रीय आघाडी उभी राहिली. एकमेकींची तोंडं न बघणाऱ्या पक्षांच्या बायका एका टेबलाशी बसल्या. नव्या राज्यघटनेसाठीच्या १९९३च्या वाटाघाटींत प्रत्येक पक्षाच्या दोन प्रतिनिधींपैकी एक स्त्री हवी, हे त्यांनी मान्य करून घेतलं. पारंपरिक प्रमुखांनी रूढींना समतेच्या कलमातून वगळा अशी मागणी केली तेव्हा ती हाणून पाडायला माणसं जागेवर होती. झिंबाब्वेची पळवाट इथे पहिल्यापासूनच बंद झाली. २००४ साली घटना न्यायालयाने थोरल्या पुरुषालाच वारसा देणारी रूढी रद्द केली, ती याच पायावर.

वेळ साधली, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. घटना, मतदारयादी, जमिनीची नोंद, निवृत्तिवेतनाची यादी हे सगळं पहिल्या चार-पाच वर्षांत लिहिलं जातं. शाई ओली असते तोवर जे होतं, ते नंतर घडवून आणायला तीस-तीस वर्षं लागतात.

आरक्षणाने काही होतं का?

होतं, पण त्याच्याकडून सगळ्याची अपेक्षा धरू नये. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत स्त्रिया तीन टक्क्यांहून कमी होत्या, त्या १९९४ साली एक चतुर्थांशाच्या वर गेल्या. गर्भपाताचा आणि घरगुती हिंसाचाराचा कायदा लगेच पुढच्या चार वर्षांत झाला. तरीही स्त्रियांवरची हिंसा तिथे भयंकर आहे.

युद्धात ज्यांच्यावर बलात्कार झाले त्यांचं काय?

बांगलादेशने १९७१च्या मुक्तियुद्धानंतर त्यांना 'बीरांगना' हा किताब दिला. हेतू मानाचा होता. पण नावाची ओळख झाली आणि ओळखीचा डाग झाला. अनेकींना घरच्यांनी घेतलं नाही. १९९९ साली शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी आपल्यावर काय गुदरलं ते स्वतःच्या नावाने जाहीर सांगितलं. सरकारने बीरांगनांना मुक्तियोद्धा म्हणून मान्यता द्यायला २०१५ साल उजाडलं, म्हणजे ४४ वर्षं.

हत्यार घेऊन लढलेल्या तारामन बीबींना 'बीर प्रतीक' हा शौर्यसन्मान १९७३ साली जाहीर झाला होता. त्यांना ते कळलंच नाही. १९९५ साली त्यांचा शोध लागला तेव्हा पदक हातात आलं.

स्त्री-पुरुष समता ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना नाही का?

सावित्रीबाईंनी १८४८ साली शाळेत पाऊल ठेवलं, ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली छापलं. आणि १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता, तो बदलून 'सर्व माणसं' असा करायला लावला तो हंसा मेहतांनी, भारताच्या प्रतिनिधीने.

आमच्या आजीही लढ्यात होत्या, पण त्यांच्याकडे कागद नाही. त्यांना काय विचारू?

कागद नसणं नवल नाही. भारतात स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी तुरुंगवासाचा किंवा वॉरंटचा पुरावा लागायचा. पुरुषांना सहा महिने, स्त्रियांना तीन महिने. भूमिगत माणसाला भाकरी पोचवणाऱ्या बाईच्या नावाने वॉरंट निघत नसे. ती पकडली गेली नाही हेच तर तिचं कसब होतं.

वंशभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आयोगापुढे स्त्रिया यायच्या आणि नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल सांगून उठायच्या. स्वतःवर काय ओढवलं ते सांगत नसत. म्हणून आयोगाला स्त्रियांसाठी वेगळ्या सुनावण्या घ्याव्या लागल्या. आजीही आधी आजोबांचंच सांगतील. ते पूर्ण ऐकून घ्या, मध्ये तोडू नका. मग विचारा: घरात पाहुणा लपला होता तेव्हा पीठ कुठून आणलंत? शेजारणीला काय सांगितलंत? भीती कुणाची जास्त वाटायची, पोलिसांची की सासूबाईंची? आणि स्वातंत्र्याच्या दिवशी सगळे बाहेर गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात? उत्तर येईपर्यंत गप्प बसा, वेळ लागेल. त्यांची परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करा आणि तारीख लिहून ठेवा. नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाने करा, 'अमुकांच्या पत्नी' म्हणून नको.